वाळूवर उभे राहिलेले रान

अमेरिकेतील मिशिगन सरोवराच्या दक्षिण तीरावर वाळूच्या टेकड्यांच्या रांगा पसरल्या आहेत. हेन्री काउल्स हे शिकागो विद्यापीठात भूगर्भशास्त्र शिकावयास आले होते; परंतु लवकरच ते वनस्पतिशास्त्राकडे वळले आणि या टेकड्यांवर हिंडू लागले. वार्मिंग या डॅनिश पंडिताचा ग्रंथ मुळातून वाचता यावा म्हणून ते डॅनिश भाषाही शिकले!

पाण्याच्या काठची वाळू अगदी उघडी असते. थोडे आत गेले की मॅरम गवत लागते. वाऱ्याने अंगावर वाळू लोटली तरी हे गवत गाडले जात नाही. ते वर वर वाढत जाते आणि मुळांनी वाळूला जखडून ठेवते. त्यापुढे कॉटनवुडची झाडे, मग पाइन, मग ओक. काउल्स यांनी ताडले की, काठाजवळची टेकडी नवी आणि आतली जुनी. तेव्हा आज जेथे ओक आहे, तेथे एके काळी गवतच असले पाहिजे. काठापासून आत चालत जाणे म्हणजे शतकांचा प्रवास काही तासांत करणे होय! हे संशोधन १८९९ साली प्रसिद्ध झाले. मात्र रानाच्या वाढीची ही वाट सरळ नसते, हेही त्यांनी बजावले होते.

पुढे ते तेथेच प्राध्यापक झाले. विद्यार्थ्यांना घेऊन ते टेकड्या तुडवीत आणि पायाखालचे रान वाचावयास शिकवीत.

पण मुलांनो, हे झाले अनुमान. उघड्या जमिनीचे रान होताना प्रत्यक्ष कोणी पाहिले होते? त्यास एक आयुष्य कसे पुरणार? काउल्स यांचे शिष्य विल्यम कूपर यांनी तेच काम अंगावर घेतले. १९१६ साली ते अलास्कातील ग्लेशियर उपसागरावर गेले. तेथे हिमनद्या मागे हटून जमीन नुकतीच उघडी पडत होती. त्यांनी एक मीटर लांबीरुंदीचे चौकोन आखले आणि त्यांतील रोप न् रोप नकाशावर उतरविले. त्यांच्याच खटपटीने १९२५ साली त्या प्रदेशास सरकारी संरक्षण मिळाले. कूपर पुनःपुन्हा तेथे जात राहिले. त्यांच्यानंतर इतरांनी मोजणी चालविली.

शंभर वर्षांनी, २०१६ साली, अभ्यासकांनी जुन्या टिपणांवरून ते चौकोन दाट झुडपांतून हुडकून काढले. तेथे आता उंच वृक्ष असतील, अशी अपेक्षा होती. परंतु कित्येक चौकोनांत विलोचीच झुडपे, म्हणजे आपल्या वाळुंजाची भावंडे, अद्याप ठाण मांडून बसलेली आढळली.