रूळ, ऊन आणि गिट्टी

रेल्वे आपण सर्वांनी पाहिली आहे. १८६७ साली मुंबईकडची रेल्वे वर्ध्यावरून नागपूरला पोहोचली. आमचे गाव सिंदी रेल्वेच्या जवळ आहे. माझे बाबा रेल्वेत गँगमन आहेत. आता त्या कामाला ट्रॅक मेंटेनर म्हणतात, पण आमच्याकडे अजून सगळे गँगमनच म्हणतात. बाबांनी सांगितलेली माहिती मी येथे लिहीत आहे. त्यातले गणित गुरुजींनी तपासले.

मागच्या उन्हाळ्यात मी व माझ्या मैत्रिणीने खेळायला फाटकाजवळच्या रुळातून पाच-पाच गोटे आणले. बाबांनी ते ओट्यावर पाहिले आणि ते रागावले. मी म्हटले, "बाबा, पाच गोट्यानं काय होते?" बाबा म्हणाले, "पाच तू आणले, पाच तिनं आणले, उद्या आणखी कोणी आणीन. मंग रुळाले धरून कोण ठेवीन?" मला समजले नाही. मग त्यांनी मला जवळ बसवून तीन गोष्टी सांगितल्या.

पहिली गोष्ट वजनाची. कोळशाने भरलेला मालगाडीचा डबा सुमारे ८० टन भरतो. त्याला ८ चाके असतात. म्हणजे एका चाकावर १० टन, म्हणजेच १०० क्विंटल वजन येते. चाक गोल आणि रूळ वरून थोडा फुगीर, म्हणून दोघे एकमेकांना अगदी थोड्या जागेत टेकतात. ती जागा रुपयाच्या नाण्यापेक्षाही लहान असते. तेवढ्या जागेत रूळ किंचित दबतो आणि चाक पुढे गेले की पुन्हा पहिल्यासारखा होतो. या गुणाला स्थितिस्थापकता म्हणतात. सायकलच्या हवा भरलेल्या ट्यूबवर काचेची गोटी दाबून सरकवा. खड्डा गोटीबरोबर पुढे पळतो, मागे काहीच उरत नाही. पण पावसाळ्यात काळ्या मातीतून बंडी गेली की चाकोरी तशीच राहते. लोखंडाचा गुण ट्यूबसारखा आहे, चिखलासारखा नाही.

दुसरी गोष्ट उन्हाची. लोहार बंडीच्या चाकाची लोखंडी धाव तापवून मोठी करतो आणि मग चाकावर चढवतो. पाणी टाकले की ती आवळून बसते. रूळही असाच तापला की वाढतो. आपल्याकडे मे महिन्यात पारा ४५ अंशांपर्यंत जातो. उन्हातला रूळ तर ६० अंशांच्या वर तापतो. हिवाळ्याच्या रात्री तोच रूळ १० अंशांपर्यंत थंड होतो. ५० अंशांचा फरक पडला तर १३ मीटर लांबीचा रूळ सुमारे साडेसात मिलिमीटर वाढतो. म्हणून पूर्वी दोन रुळांच्या मध्ये फट ठेवत. आता पुष्कळ ठिकाणी रूळ जोडून लांबच लांब केले आहेत. एक किलोमीटर रूळ मोकळा असता तर तेवढ्याच उष्णतेने अर्ध्या मीटरपेक्षा जास्त वाढला असता! पण त्याला स्लीपर आणि गिट्टी धरून ठेवतात. वाढायला जागा नाही, म्हणून सगळा जोर रुळाच्या आत दाबून राहतो.

तिसरी गोष्ट घासण्याची. तळहात जोरात घासून पाहा, गरम लागतात. इंजिनाचे चाक जागच्या जागी घसरले किंवा ब्रेक लागून चाक घासत गेले, तर रुळाचा वरचा पातळ थर एकदम तापतो. खालचे लोखंड थंडच असते, ते वरच्या थराला पसरू देत नाही. नंतर तो थर झटकन थंड होऊन कडक होतो. मग तिथे बारीक भेगा पडू शकतात. त्यावरून रोज गाड्या गेल्या की भेग वाढत जाते.

आता खरी धोक्याची वेळ ऐका. भर दुपारी रूळ आधीच दाबलेला असतो. त्यात धावती गाडी येते. चाकाखाली रूळ दबतो आणि पुढे किंचित उचलला जातो. गिट्टी कमी असेल तर आतला जोर त्याच वेळी बाजूला निघतो आणि रूळ सापासारखा वाकतो. गाडी रुळावरून घसरू शकते.

म्हणून आपण दुपारी सावलीत झोपतो तेव्हा बाबा डोक्याला दुपट्टा बांधून, खिशात कांदा ठेवून गस्तीला जातात. रूळ वाकलेला दिसला तर लाल झेंडी दाखवून गाडी थांबवतात. हिवाळ्यात रूळ आकसून तुटू शकतो, तेव्हा गस्त रात्री असते.

आमचे दहा गोटे बाबांनी दुसऱ्या दिवशी डब्याच्या पिशवीतून परत नेले. आता आम्ही नदीवरचे गोटे खेळतो. मित्रांनो, तुम्हीही रुळावर जाऊ नका, पैसे ठेवू नका आणि गिट्टी उचलू नका. त्या गाडीत आपलेच कोणी बसलेले असते, आणि तिथे कोणाचे तरी बाबा उन्हात चालत असतात.

सांगा पाहू : एका चाकावर १० टन, तर १२ चाकांच्या इंजिनाचे वजन किती?

— एक विद्यार्थिनी, इयत्ता ४ थी