सोयरे, एकांत आणि वाद : तुकारामांच्या एका अभंगाचे वाचन

वृक्षवल्लींना सोयरे म्हणणारा तुकारामांचा अभंग आज बहुधा पहिल्या चरणापुरताच उरला आहे. वनमहोत्सवाच्या फलकांवर तो चरण येतो, शालेय निबंधांत येतो, आणि तेथेच थांबतो. त्यामुळे हा अभंग निसर्गप्रेमाचा किंवा अरण्यात लाभणाऱ्या शांतीचा असल्याचे गृहीत धरले जाते. अखेरच्या चरणापर्यंत वाचत गेल्यास मात्र हे गृहीतक टिकत नाही. शेवटी येणारा शब्द ‘वाद’ हा आहे.

प्रथम ‘सोयरे’ या शब्दाचा विचार करावयास हवा. ‘सगेसोयरे’ या जोडशब्दात सगे हे रक्ताचे, तर सोयरे हे सोयरिकीने जोडलेले. जुन्या मराठीत हा शब्द आप्त, सुहृद अशा सैल अर्थानेही येतो हे खरे. तरीही जोडलेल्या नात्याची छटा त्यातून पूर्णपणे जात नाही. ज्ञानेश्वरीच्या (१२९०) सहाव्या अध्यायातील योगाभ्यासाच्या स्थानाचे वर्णन शेजारी ठेवले की भेद उघड होतो. तेथेही वनश्री आहे, आणि ती इतकी रम्य की विलासी पुरुषालाही राज्य सोडून तेथेच स्वस्थ बसावेसे वाटावे. परंतु ते स्थान साधनेसाठी निवडलेले आहे. पाण्यालगतचे हंस, दोनचार सारस, क्वचित कोकिळ एवढ्यांना तेथे मुभा आहे; अधूनमधून मोर आले तरी ज्ञानदेवांची ना नाही. (ही सवलत देतानाचा त्यांचा मिस्कील स्वर आस्वाद्य आहे.) तेथील पक्षी पाहुणे आहेत, तुकारामांचे पक्षी घरचे आहेत.

मग ज्याला गावात खरेखुरे सगेसोयरे होते त्याला हे नाते का जोडावेसे वाटले? याचे उत्तर दुसऱ्या चरणात आहे. या एकांतात गुणदोष अंगाला येत नाहीत, असे कवी म्हणतो. टीकाकार येथे सहसा त्रिगुणातीत अवस्थेकडे वळतात. तो अर्थ अग्राह्य नाही. परंतु तुकारामांच्या आत्मचरित्रपर अभंगाच्या प्रकाशात या शब्दाला अधिक जवळचा अर्थ येतो. १६३०-३१ च्या दुष्काळाने द्रव्य नेले, त्याबरोबर मानही नेला. एक पत्नी अन्नावाचून गेली. जिवाला लाज वाटली, असे ते सांगतात. दिवाळे निघालेल्या वाण्याचे गुणदोष गाव मोजतच असते. झाडे ते मोजत नाहीत. परंपरा हा एकांत देहूच्या आसपासच्या भंडारा आणि भामचंद्र या डोंगरांशी जोडते. अभंगाची रचना तेथेच झाली असे सिद्ध करता येणार नाही, आणि प्रस्तुत वाचनाला त्याची आवश्यकताही नाही.

मधल्या चरणांत संसाराची मांडामांड आहे : आकाशाचा मंडप, भूमीचे आसन, देहापुरती कंथा आणि कमंडलू, वेळ कळविणारा वारा. भोजन मात्र हरिकथेचे. तेथील ‘परवडी’ म्हणजे प्रकार, वैविध्य. आजच्या ‘परवडणे’शी विद्यार्थी त्याची गल्लत करतात आणि चरणाची चवच जाते. संसाराला विटलेला माणूस येथे प्रकार करून, रुचीने जेवतो आहे. विरक्तीचे असे रुचकर वर्णन विरळाच.

आणि एवढे सारे जमून आल्यावर मनाशी संवाद सुरू होतो, आपलाच वाद आपणाशी होतो. वाद म्हणजे केवळ हितगुज नव्हे. त्याला दोन पक्ष लागतात. आत्मचरित्रपर अभंगातही सत्यासत्याच्या निर्णयाला मनाला साक्षी केले, बहुमत मानले नाही, अशी नोंद आहे. दोन्ही रचना एकत्र वाचल्या म्हणजे वनाचे कार्य स्पष्ट होते. ते मनाला निजवीत नाही. गावाने चालविलेला खटला तेथे थांबतो, तेव्हा कुठे माणसाला स्वतःचा खटला स्वतःपुढे चालविता येतो. तुकारामांच्या ठायी नवी उभारी येते ती या वादातून. पक्ष्यांचा सुस्वर ही त्याची पार्श्वभूमी आहे, फलित नव्हे.

‘आम्हां’ या अनेकवचनाने उघडणारा अभंग ‘आपणांसी’ येथे मिटतो. संतकाव्यात स्वतःसाठी अनेकवचन रूढच आहे, म्हणून त्यावर फार भार देता येणार नाही. तरीही सोयऱ्यांनी भरलेल्या पहिल्या चरणानंतर शेवटच्या चरणात वक्ता आणि श्रोता एकच उरतो, आणि निवाडा कोणता झाला हे तुकाराम सांगत नाहीत.