वाचनालयासाठी ग्रुप की चॅनेल?

प्रश्न: आमचं तालुक्याच्या गावातलं 'ब' वर्गाचं सार्वजनिक वाचनालय आहे. सभासदांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर सुप्रभात आणि राजकारणच चालतं. नव्या पुस्तकांची माहिती पोहोचवायची कशी?

उत्तर: ग्रुपमध्ये 'फक्त ॲडमिन संदेश पाठवू शकतील' हा पर्याय आजच निवडा. तरी खरी अडचण उरतेच. तिथे प्रत्येकाचा नंबर सगळ्यांना दिसतो, आणि अनेक महिला सभासद त्यामुळेच ग्रुप सोडतात. म्हणून मी व्हॉट्सॲप चॅनेल सुचवेन. भारतात ही सोय सप्टेंबर २०२३ पासून आहे. फॉलो करणाऱ्यांचे नंबर एकमेकांना दिसत नाहीत. चॅनेलचा क्यूआर कोड देवघेवीच्या टेबलावर लावा.

टाकायचं काय, हे जास्त महत्त्वाचं. नुसती मुखपृष्ठं नकोत. ग्रंथपालांनी पुस्तक हातात घेऊन मिनिटभर बोलावं: कोणासाठी आहे, कुठून वाचायला घ्यावं, कपाटात कुठे सापडेल. गावाबद्दलची जुनी पुस्तकं असतील तर तीही दाखवा. पुण्या-मुंबईत गेलेली मुलं ती हमखास पाहतात. त्यांच्यासाठी वाचनालयाचं फेसबुक पानही ठेवा.

एक पथ्य मात्र कडक पाळा. कोणी कोणतं पुस्तक नेलं, कोणाची वर्गणी थकली, हे कधीही जाहीर टाकू नका. ते त्या सभासदालाच स्वतंत्रपणे कळवा.