चिलापी : तलावातून काचपेटीत

उन्हाळ्यात तलावाचे पाणी ओसरू लागले म्हणजे काठालगतच्या गाळात ताटाएवढे वाटोळे खड्डे उघडे पडतात. हे खड्डे गुरांच्या खुरांचे नसून चिलापी माशाच्या नराने तोंडाने माती उचलून केलेली घरटी होत. या घरट्यांचा व्यवहार पाण्यात दिसत नाही. काचेच्या पेटीत मात्र तो घरबसल्या पाहता येतो. गावच्या शाळेत किंवा घरात असे चार मासे पाळण्यास फारसा खर्च नाही.

चिलापी म्हणजेच तिलापिया. त्याचे मूळ स्थान आग्नेय आफ्रिकेतील नद्या. थोड्या खर्चात मत्स्योत्पादन वाढावे या हेतूने तो १९५२ साली भारतात आणण्यात आला. त्याची बेसुमार वाढ पाहून १९५९ मध्ये त्याचा प्रसार थांबविण्याचे ठरले; पण बैल गेला आणि झोपा केला, अशातला तो प्रकार झाला. पुढे नाईल नदीतील त्याची भाऊबंद जातही आली. आज भिगवण, इंदापूर भागात उजनीचा चिलापी नित्याचा झाला आहे. तो खाण्यास चांगला आहे, हे नाकारण्याचे कारण नाही.

ओळख पटवूनच मासा धरावा. रोहू-कटल्यास नाकाच्या दोन्ही बाजूंस दोन-दोन छिद्रे असतात, चिलापीस एकेकच असते. पाठीवरील पराचे पुढचे काटे हातास टोचतात. कोकणातील खाड्यांत मिळणारा कालुंदर याच कुळातला, परंतु तो आपल्याकडचाच मासा आहे. त्याच्या पोटामागील पराला डझनभर काटे असतात, चिलापीच्या त्याच पराला तीन.

पिले सकाळी काठाजवळच्या उथळ पाण्यात थव्याने फिरतात. मच्छरदाणीचे कापड लावलेल्या हातजाळ्याने ती सहज मिळतात. तलाव मच्छीमार संस्थेकडे ठेक्याने असल्यास आधी संस्थेस विचारावे. जाळ्यात आलेली इतर जातींची पिले तेथेच त्याच पाण्यात सोडावीत. दोन-तीन इंच लांबीचे चार मासे पुरेत. घरी आणल्यावर त्यांचे भांडे काही वेळ पेटीच्या पाण्यात तरंगत ठेवावे, म्हणजे दोन्हींचे तापमान सारखे होते.

पेटी निदान तीन फूट लांब, दीड फूट रुंद आणि दीड फूट उंच असावी. तीत सुमारे १९० लिटर पाणी मावते. नळाचे पाणी उघड्या भांड्यात एक दिवस ठेवून मगच वापरावे, कारण त्यातील क्लोरीन कल्ल्यांस अपाय करतो. नव्या पेटीत पहिला महिना जपण्याचा असतो. माशांच्या मलमूत्रापासून होणारा अमोनिया पचविणारे जीवाणू तोवर पुरेसे वाढलेले नसतात. म्हणून अन्न बेताने घालावे आणि आठवड्यास चौथा हिस्सा पाणी बदलावे. गव्हाचा कोंडा, शेंगदाण्याची पेंड, शेवाळ हे सर्व चिलापी खातो. शोभेच्या वनस्पती लावण्याचा खटाटोप व्यर्थ आहे. खड्डा खणताना नर त्या उपटून टाकतो. फुटके मडके ठेवावे, म्हणजे दुबळ्या माशास दडण्यास जागा मिळते. पेटीवर झाकण हवे. पाणी १५ अंशांखाली गेले की मासा अन्न सोडतो. थंडीत पेटी घरातील उबदार कोपऱ्यात हलवावी.

माजावर आलेला नर काळा पडतो, गळा पांढरा होतो, परांच्या कडा लाल दिसतात. मादी अंडी घालते आणि लगेच ती तोंडात उचलून घेते. पुढे दहा-बारा दिवस तिची हनुवटी फुगलेली असते आणि ती जवळजवळ उपाशी राहते. पिले बाहेर आल्यानंतरही, कोणी काचेवर टिचकी मारली की ती आईच्या तोंडात परत शिरतात. शाळेतील मुलांना हे एकदा दाखवावेच.

धोकाही नेमका येथेच आहे. लहानशा मादीच्या तोंडातही शंभरावर अंडी असू शकतात; म्हणजे तोंड भरलेली एकच मादी नव्या तळ्यात पडली तरी वसाहत उभी राहते, नर सोबत असण्याची गरज नाही. मासे पाळण्याचा कंटाळा आला म्हणून ते दया बुद्धीने शेततळ्यात सोडले जातात. तेथे रोहू-कटल्याची बोटुकली वाढत असली तर चिलापीची पिले त्यांच्याच खाद्यावर ताव मारतात. शिवाय तो दोन-तीन महिन्यांत विणीस येतो आणि गर्दीत तळहाताएवढाच राहतो. तळे काढावयाच्या वेळी शेतकऱ्याच्या जाळ्यात विकाऊ मासा कमी आणि चिंगळी फार, असे होऊन बसते.

म्हणून पेटीतील जास्तीचे मासे स्वयंपाकघरात न्यावेत किंवा कोंबड्यांना घालावेत. ओढ्यात, विहिरीत, शेततळ्यात कधीही सोडू नयेत. बदललेले पाणीदेखील गटारात न ओतता झाडाच्या आळ्यात घालावे, कारण रबरी नळीतून पिले निसटतात. शेततळ्यात चिलापी शिरलाच असेल, तर पंपाने सर्व पाणी काढून तळ भेगा पडेपर्यंत वाळवावा. नराने खणलेल्या खड्ड्यांत साचलेले पाणी आधी उपसून टाकावे; पिले उरतात ती तेथेच.