पांपलोनाचा जखमी सैनिक

गेल्या सत्रात अडथळ्यांच्या सरावात आमच्या वसतिगृहातल्या एका छात्राचा पाय मोडला. प्लास्टर चढलं, क्रॉस कंट्री गेली. त्याला भेटायला गेलो तेव्हा त्याने विचारलं, "सर, पाय नीट बसला नाही तर? मेडिकलमध्ये बाद झालो तर मी काय करायचं?" त्या वेळी मला चटकन उत्तर सुचलं नाही. दुसऱ्या दिवशी मी त्याला इग्नेशियस लोयोलाची गोष्ट सांगितली. तीच इथे लिहीत आहे.

इग्नेशियसचा जन्म १४९१ साली स्पेनमधल्या बास्क प्रांतात, लोयोलाच्या सरदार घराण्यात झाला. तलवार, मानमरातब आणि दरबारी डौल यांचं त्याला वेड होतं. २० मे १५२१ रोजी फ्रेंच फौजेने पांपलोनाच्या किल्ल्यावर हल्ला केला. शरण जाऊ नये असा आग्रह धरून तो लढत राहिला. तोफेच्या गोळ्याने त्याचा उजवा पाय मोडला, डावाही जखमी झाला. फ्रेंचांनीच त्याच्यावर उपचार करून त्याला घरी पोहोचवलं.

हाड नीट बसलं नव्हतं, म्हणून ते पुन्हा मोडून बसवलं. तरी गुडघ्याखाली एक हाड पुढे आलेलं राहिलं. त्यामुळे ऐटदार बूट घालता येईना, म्हणून त्याने ते करवतीने कापून घेतलं. तेव्हा भूल देण्याची सोय नव्हती. त्याने फक्त मुठी आवळल्या. सोसण्याची ताकद केवढी आणि ती खर्च कशासाठी, तर बुटांसाठी! तरीही तो जन्मभर थोडा लंगडतच चालला.

अंथरुणावर वाचायला त्याने शौर्यकथा मागितल्या. घरात होतं ते ख्रिस्तचरित्र आणि संतांची चरित्रं. वाचता वाचता त्याने स्वतःच्या मनाकडे लक्ष दिलं. पराक्रमाची आणि मानाची स्वप्नं रंगवताना मजा येई, पण नंतर मन कोरडं पडे. संतांसारखं जगण्याचा विचार केला की नंतरही समाधान टिके. या फरकाने त्याची दिशा बदलली. मार्च १५२२ मध्ये मोन्सेरातच्या मठात त्याने आपली तलवार मरियेच्या वेदीपाशी ठेवली.

छात्रांनो, मला सर्वांत अवघड वाटतो तो यापुढचा भाग. लोकांना उपयोगी पडायचं तर शिकायला हवं, हे ओळखून तेहतिसाव्या वर्षी बार्सिलोनात तो लहान मुलांबरोबर लॅटिनचे धडे गिरवायला बसला. पुढे पॅरिसच्या विद्यापीठात गेला. १५३४ साली तिथे सात मित्रांनी एकत्र व्रत घेतलं. २७ सप्टेंबर १५४० रोजी पोप तिसरे पॉल यांनी त्यांच्या येशूसंघाला मान्यता दिली. त्याच्या प्रमुखाला 'जनरल' म्हणतात; पण हा सेनापती नव्हे, इथे त्या शब्दाचा अर्थ 'संपूर्ण संघाचा' असा आहे.

त्या सात जणांतले फ्रान्सिस झेवियर १५४२ मध्ये गोव्याला आले. पुढे याच संघाचे फादर थॉमस स्टीफन्स यांनी मराठीत 'ख्रिस्तपुराण' रचलं. ते १६१६ साली रायतूर इथे छापलं गेलं. इग्नेशियस मात्र अखेरपर्यंत रोममध्ये राहून संघाचं काम पाहत होता. ३१ जुलै १५५६ रोजी त्याचं निधन झालं. १६२२ मध्ये त्याला आणि झेवियरना एकाच दिवशी संतपद मिळालं.

आपल्या माणसांना त्याने एक सवय लावली: दिवसातून दोनदा थांबून स्वतःची तपासणी करायची. आज काय चांगलं मिळालं, कुठे चुकलं, उद्या काय सुधारायचं? कोणत्याही धर्माच्या छात्राला 'लाइट्स आउट'पूर्वी हे पाच मिनिटांत करता येईल.

त्या मुलाचं प्लास्टर आता निघालं आहे. मेडिकलचं काय होईल ते मी सांगू शकत नाही. पण त्याने एक वही घातली आहे. रोज रात्री तो तीत चार ओळी लिहितो.