साडीने मोजलेले घर

'बेघर' हा शब्द तुम्हांला नव्याने शिकवायची गरज नाही. उर्दूत त्याचा जो अर्थ, तोच मराठीत. २०११ सालच्या जनगणनेत आपल्या देशात सुमारे १७ लाख ७३ हजार माणसे बेघर असल्याची नोंद झाली. या माणसांची मोजणी रात्री करावी लागते, हे तुम्हांला ठाऊक आहे का? दिवसा ती कामावर असतात. हमाली करतात, हातगाडी ओढतात, कागद-काचा गोळा करतात. रात्री पुलाखाली किंवा दुकानाच्या पायरीवर पाठ टेकतात, तेव्हाच गणना करणाऱ्याला ती सापडतात.

अशा माणसांना मदत करणारे पुढारी कसे असतात? 'पुढारी' म्हटले की आपल्या डोळ्यांसमोर हार, माइक आणि व्यासपीठ येते. या पाठातील पुढारी तसे नाहीत. त्यांच्यापैकी कित्येक स्वतःच फुटपाथावर राहत होत्या. होय, 'होत्या'. या पाठात स्त्रियांची संख्या जास्त आहे.

मुंबईत भायखळ्याजवळ सोफिया झुबेर रोड, डिमटिमकर रोड, झुला मैदान असे भाग आहेत. १९८० च्या सुमारास या रस्त्यांच्या कडेला झोपड्यांच्या रांगा होत्या. झोपडी म्हणजे काय? मागे एखाद्या कारखान्याची भिंत, पुढे दोन बांबू, वर गोणपाट आणि प्लॅस्टिकचा कागद. लांबीरुंदी एवढीच की रात्री सगळे कुटुंब आत मावत नसे. पुरुष आणि मोठी मुले बाहेर झोपत. ही माणसे दूरदूरच्या गरीब जिल्ह्यांतून आली होती. बिहार, उत्तर प्रदेश, दक्षिणेकडील राज्ये आणि आपल्या महाराष्ट्रातील दुष्काळी भाग. त्यांत मुस्लिम कुटुंबे पुष्कळ होती. काही जण तर वीस-वीस, तीस-तीस वर्षे त्याच फुटपाथावर राहत होते. तेथेच मुले जन्मली, तेथेच त्यांची लग्ने झाली.

तुम्ही विचाराल, ही माणसे दुसरीकडे का जात नव्हती? कारण काम जवळ होते. ज्याची दिवसाची कमाई बसच्या तिकिटाला पुरत नाही, तो कामाच्या ठिकाणी पायीच जाणार. म्हणून तो कामाजवळ राहतो. एवढी साधी गोष्ट पुष्कळ शिकलेल्या लोकांनाही समजत नसे. त्यांना वाटे, हे लोक हौसेने रस्त्यावर राहतात!

१९८१ साली पावसाळ्यात महाराष्ट्र सरकारने फुटपाथावरील झोपड्या हटवून तेथील लोकांना त्यांच्या मूळ गावी पाठवायचे ठरवले. याविरुद्ध पत्रकार ओल्गा टेलिस आणि काही फुटपाथवासी न्यायालयात गेले. सर्वोच्च न्यायालयाच्या पाच न्यायमूर्तींनी १९८५ च्या जुलैमध्ये निकाल दिला. सरन्यायाधीश होते यशवंत विष्णू चंद्रचूड. न्यायालयाने सांगितले की जगण्याच्या हक्कात उपजीविकेचा, म्हणजे रोजीरोटीचा, हक्कही येतो. रोजी गेली तर माणूस जगणार कसा? हा विचार फार मोठा होता आणि पुढे अनेक खटल्यांत त्याचा आधार घेतला गेला. पण त्याच निकालात असेही म्हटले होते की फुटपाथ चालण्यासाठी आहे. योग्य सूचना देऊन आणि पावसाळा संपल्यावर झोपड्या हटवता येतील. म्हणजे हक्क मिळाला, पण छप्पर जाणार ते जाणारच!

याच दिवसांत भायखळ्यात 'स्पार्क' नावाची एक संस्था काम करत होती. शीला पटेल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ती १९८४ साली सुरू केली होती. निकालानंतर सगळीकडे भीती पसरली. आज महानगरपालिकेची गाडी येईल, उद्या येईल! स्पार्कच्या कार्यकर्त्यांनी आणि फुटपाथावरील स्त्रियांनी मिळून आधी एक काम केले. त्यांनी माणसे मोजली. फुटपाथावर ६,००० हून अधिक कुटुंबे आणि सुमारे २७,००० माणसे नोंदली गेली. कोण कोठून आला, किती वर्षे राहतो, काय काम करतो, किती कमावतो, हे सगळे लिहून काढले. त्या अहवालाच्या नावाचा अर्थ होता 'आम्ही, न दिसणारे'. मला हे नाव फार नेमके वाटते. रोज हजारो लोक त्यांच्या झोपड्यांवरून जात, पण त्यांना पाहत कोण होते?

१९८६ साली या स्त्रियांनी आपली संघटना बांधली, 'महिला मिलन'. पहिला प्रश्न रेशनकार्डाचा होता. रस्त्यावर राहणाऱ्याला पत्ता नाही आणि पत्ता नाही म्हणून कार्ड नाही. बायका गट करून कार्यालयात गेल्या, अर्ज समजून घेतले, पुन्हा पुन्हा गेल्या. ज्यांना कार्ड मिळाले त्यांनी दुसऱ्या रस्त्यावरच्या बायकांना रीत शिकवली.

दुसरे काम बचतीचे. 'बचत' हाही दोन्ही भाषांत सारखाच शब्द. एक स्त्री रोज आपल्या शेजारच्या घरांत फिरे आणि जमेल तेवढे पैसे घेई. एक रुपया, दोन रुपये, कधी त्याहूनही कमी. ज्या दिवशी नसतील त्या दिवशी नाही. पण फेरी चुकत नसे, कारण रोज फिरल्यामुळे कोणाच्या घरी काय चालले आहे हेही कळे. कोणाचे मूल आजारी आहे, कोणाच्या नवऱ्याचे काम सुटले आहे. गरज पडली की याच पैशांतून कर्ज मिळे. सावकाराच्या दारात जावे लागत नसे.

यांतल्या बहुतेक बायकांना लिहिता-वाचता येत नव्हते. मग हिशेब कसा ठेवायचा? त्यांनी युक्ती काढली. प्रत्येकीची एक प्लॅस्टिकची पिशवी, आणि तिच्यात रंगीत कागदाचे तुकडे. एक रंग एका रुपयाचा, दुसरा रंग दोन रुपयांचा, तिसरा पाचांचा. पिशवी उघडून मोजली की किती पैसे जमले ते कळे. गणिताच्या तासाला कंटाळणाऱ्या मुलांनी ही युक्ती जरूर लक्षात ठेवावी!

झोपडी पाडायला गाडी आली की आधी काय होत असे? पळापळ, रडणे, मारामारी. भांडी, कपडे, बांबू सगळे गाडीत जाई. मग महिला मिलनच्या बायकांनी ठरवले की आपली झोपडी आपण स्वतः उतरवायची. बांबू आणि कागद नीट घडी करून बाजूला ठेवायचे. अधिकाऱ्यांचे काम झाले, सामानही वाचले. गाडी गेली की पुन्हा तेच बांबू उभे! काही लोक याला माघार म्हणतील. मला तसे वाटत नाही. ज्या बाईचे एकुलते एक पातेले वाचले, तिला विचारा.

आता या पाठाच्या नावाकडे येऊ. या बायकांनी म्हटले, आम्हांला घर हवे आहे, पण कसे घर? आधी त्या शहरातील वेगवेगळी घरे पाहायला गेल्या. मोजपट्टी त्यांना वापरता येत नव्हती. मग साडी सोडून मापे घेतली! एक साडी किती हात लांब असते, हे प्रत्येकीला माहीत होते. भिंत एवढी उंच, खोली एवढी रुंद. नंतर त्यांनी लाकूड आणि कापड वापरून खऱ्या आकाराची घरे उभी केली आणि त्यांचे प्रदर्शन भरवले. अधिकारी, अभियंते आणि इतर वस्त्यांतील लोक ते पाहायला आले.

त्यांच्या घराची खोली लहान होती, पण उंची चौदा फूट. का? वर पोटमाळा घालता यावा म्हणून. मुले वर झोपतील, सामान वर राहील, खाली शिवणाचे किंवा विणण्याचे काम करता येईल. आणि संडास? शिकलेल्या लोकांना वाटले, प्रत्येक घरात संडास हवा. बायका म्हणाल्या, एवढ्याशा खोलीत चूल आणि संडास शेजारी नको; चार घरांना मिळून बाहेर एक संडास द्या, आम्ही तो स्वच्छ ठेवू. जागेचा आणि पैशांचा हिशेब त्यांनी कागदाशिवाय केला होता.

या बायकांच्या पाठीशी एक माणूस खंबीरपणे उभा होता. त्यांचे नाव जोकिन अर्पुतम. १९४७ साली कर्नाटकातील कोलार येथे जन्मलेले, मातृभाषा तमिळ. १९६३ मध्ये ते मुंबईत आले, सुतारकाम केले, मानखुर्दच्या जनता कॉलनीत राहिले आणि कित्येक रात्री उघड्यावर झोपले. तेथील कचरा कोणी उचलत नसे. जोकिन यांनी वस्तीतील मुलांना जमवले, प्रत्येकाच्या हाती थोडा थोडा कचरा दिला आणि तो नेऊन पालिकेच्या कार्यालयासमोर टाकला! त्यानंतर कचऱ्याची गाडी आली. (तुम्ही हा प्रयोग आमच्या शाळेच्या कार्यालयासमोर करू नये, ही विनंती.) पुढे जनता कॉलनी वाचवण्यासाठी ते न्यायालयात गेले, दिल्लीला गेले, अनेकदा अटक झाली. तरीही १९७६ साली आणीबाणीत ती पाडली गेली. सुमारे ७०,००० माणसांना चिता कॅम्प येथे हलवण्यात आले. त्या पराभवातून ते एक गोष्ट शिकले. नुसते 'पाडू नका' म्हणून भागत नाही. काय हवे, कोठे हवे, किती खर्चात, हेही आपणच सांगितले पाहिजे. ही शिकवण घेऊन ते भायखळ्याच्या बायकांबरोबर काम करू लागले. २००० साली त्यांना रॅमन मॅगसेसे पुरस्कार मिळाला. २०१८ मध्ये त्यांचे निधन झाले.

१९९५ मध्ये राज्याच्या पुनर्वसन योजनेत फुटपाथवासीयांनाही झोपडपट्टीवासीयांप्रमाणे घरासाठी पात्र मानले गेले. नंतर मानखुर्दला मिलन नगर उभे राहिले आणि भायखळ्याची काही कुटुंबे पक्क्या घरांत गेली. पण यात किती काळ गेला पाहा! ज्या बायकांनी तरुणपणी पहिला रुपया टाकला, त्यांच्यापैकी अनेकींना नातवंडे झाल्यावर किल्ली मिळाली. काहींना मिळालीच नाही. शिवाय मानखुर्द भायखळ्यापासून लांब आहे. ज्या कामासाठी फुटपाथ सहन केला, ते काम आता रेल्वेच्या तिकिटापलीकडे गेले. घर मिळाले म्हणजे सगळे मिळाले, असे त्या बायकाही म्हणत नव्हत्या.

१९९० नंतर दक्षिण आफ्रिकेतील बेघर लोक मुंबईत आले, आणि येथील बायका तिकडे गेल्या. इंग्रजी येत नव्हती. बायका तेथील झोपड्यांत जमिनीवर बसल्या आणि रोजची बचत कशी करायची, ते करून दाखवले. तेथेही बेघरांची संघटना उभी राहिली.

स्वाध्याय

१. बेघर माणसांची मोजणी रात्री का करतात?
२. सर्वोच्च न्यायालयाच्या निकालातील कोणत्या दोन गोष्टी एकमेकींना विरोधी वाटतात? तुमच्या शब्दांत लिहा.
३. घराची उंची चौदा फूट का हवी होती?
४. पाठातील असे पाच शब्द शोधा, जे उर्दूतही वापरले जातात.
५. तुमच्या गावात रात्री उघड्यावर झोपणारी माणसे कोठे दिसतात? ती दिवसा कोणते काम करतात, हे घरच्या मोठ्या माणसांना विचारून आठ ओळी लिहा.