जुन्या गांजातला कॅनाबिनॉल आणि झोपेची आशा

देवगाव रंगारीसारख्या गावात रात्रीची झोप मोडायला कारणं पुष्कळ असतात. शेतीची लाईट रात्रपाळीत आली की कांद्या-गव्हाला पाणी द्यायला उठावंच लागतं. त्यात पिकाच्या भावाची चिंता असते, गुडघेदुखी असते, संध्याकाळी उशिरापर्यंतचा चहा आणि तंबाखू असते. अशा जागरणाने थकलेल्या माणसाच्या मोबाइलवर आता एक नवी जाहिरात येऊ लागली आहे. गांजाच्या झाडातल्या ‘सीबीएन’ नावाच्या घटकाचे थेंब किंवा गोळी घ्या, नशा न होता गाढ झोप लागेल, असं ती सांगते. सीबीएन म्हणजे कॅनाबिनॉल. या घटकात औषधी गुण असण्याची शक्यता मला खरी वाटते आणि त्यावर गंभीरपणे संशोधन व्हावं असंही वाटतं. पण झोपेचं औषध म्हणून आज तो घ्यावा इतका पुरावा हातात नाही.

१८९६ साली केंब्रिजमध्ये वुड, स्पायवी आणि ईस्टरफील्ड या रसायनशास्त्रज्ञांनी हिंदी भांगेच्या राळेवर, म्हणजे चरसावर, केलेलं काम प्रसिद्ध झालं. कॅनाबिनॉलची ओळख त्या कामातून झाली. नशा आणणारा टीएचसी हा घटक शुद्ध रूपात हाती येण्याच्या कितीतरी आधीची ही गोष्ट आहे. ताज्या झाडात मात्र कॅनाबिनॉल जवळजवळ नसतोच. तोडलेला माल हवा, उजेड आणि उष्णता लागून पडून राहिला की त्यातल्या टीएचसीचं हळूहळू कॅनाबिनॉल होतं. जुना गांजा ओढला की झोप येते, जुन्यात कॅनाबिनॉल जास्त, म्हणून झोप आणतो तो कॅनाबिनॉलच, असा तर्क त्यातून रूढ झाला. तो ऐकायला सरळ वाटतो, पण मोजमापापुढे टिकत नाही. अमेरिकेत मिसिसिपी विद्यापीठात साठवलेल्या गांजाची तपासणी झाली, तेव्हा साध्या तापमानाला एका वर्षात साधारण १७ टक्के आणि चार वर्षांत साधारण ४१ टक्के टीएचसी कमी झाल्याचं दिसलं. म्हणजे चार वर्षं जुन्या मालातही निम्म्याहून अधिक टीएचसी शिल्लक असतो. असा माल घेऊन ज्याला गुंगी आली, त्याला ती कॅनाबिनॉलमुळेच आली असं कशावरून म्हणायचं?

माणसांवरचे प्रयोगही थोडेच आहेत. १९७५ साली पाच पुरुषांवर एक छोटा प्रयोग झाला. नुसता कॅनाबिनॉल दिल्यावर त्यांना गुंगी आली नाही. टीएचसीसोबत दिला तेव्हा सुस्ती वाढली. त्यानंतर कितीतरी वर्षं या प्रश्नाकडे फारसं कोणी वळलं नाही. २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या अमेरिकेतल्या चाचणीत झोप वाईट असल्याचं सांगणारी सुमारे ३०० माणसं होती. कोणाला खरं औषध आणि कोणाला बिनऔषधी गोळी मिळतेय हे त्यांना कळणार नाही, अशी व्यवस्था होती. सात रात्री २० मिलिग्रॅम कॅनाबिनॉल घेणाऱ्यांना रात्रीची जाग थोडी कमी आली, झोपेतले एकूण अडथळेही कमी झाले. पण ज्यासाठी ती चाचणी मुख्यतः आखली होती, त्या झोपेच्या दर्जात ठाम फरक दिसला नाही. २०२४ साली सिडनीच्या संशोधकांनी उंदरांमध्ये झोप वाढल्याचं दाखवलं. हे सगळं आशादायक आहे आणि ते नाकारण्याचं मला कारण दिसत नाही. फक्त सात रात्रींच्या चाचणीवरून महिनोन्महिने घ्यायचं औषध ठरत नाही. याच झाडातल्या कॅनाबिडिऑल या दुसऱ्या घटकाचं उदाहरण पाहा. ड्राव्हे सिंड्रोम या मुलांमधल्या अवघड अपस्मारावर १२० रुग्णांची १४ आठवडे चाचणी झाली. औषध मिळालेल्या गटात महिन्याच्या झटक्यांची मध्यक संख्या १२.४ वरून ५.९ वर आली. आणखी चाचण्या झाल्या आणि २०१८ मध्ये अमेरिकेत त्याला औषध म्हणून मान्यता मिळाली. तिथे मात्रा होती वजनाच्या दर किलोला रोज २० मिलिग्रॅम, आणि यकृताच्या तपासण्याही सोबत कराव्या लागल्या. गांजाच्या झाडातून औषध निघू शकतं, पण ते असं तावून-सुलाखून निघतं.

‘आपल्या आयुर्वेदात विजया, म्हणजे भांग, सांगितलीच आहे की!’ असं कोणी म्हणेल, आणि त्यात तथ्य आहे. पण आयुर्वेद ती शोधन करून, इतर द्रव्यांसोबत, वैद्याच्या नजरेखाली देतो. जातीफलादि चूर्णात भांग असते, पण ते प्रामुख्याने पोटाच्या विकारांसाठी. आपल्या औषध नियमांच्या ई-१ परिशिष्टात भांगेचा समावेश आहे, म्हणून अशा पोटात घ्यायच्या औषधावर वैद्यकीय देखरेखीखालीच घेण्याची सूचना छापावी लागते. या परंपरेचा आधार वेगळा काढलेल्या एकट्या घटकाच्या थेंबांना देता येत नाही. नैसर्गिक म्हणून निर्धोक हेही खरं नाही. कॅनाबिडिऑल रक्त पातळ करणाऱ्या वॉरफरिनचा परिणाम वाढवू शकतो. कॅनाबिनॉल इतर औषधांशी कसा वागतो याचा अभ्यास तर त्याहूनही कमी आहे. गर्भवती, अंगावर पाजणाऱ्या माता आणि मुलं यांनी त्याच्या वाटेला जाऊच नये. लघवीच्या प्राथमिक चाचणीत तो गांजा घेतल्यासारखा निकाल दाखवू शकतो, हे ट्रक चालवणाऱ्यांनी आणि नोकरभरतीला जाणाऱ्या मुलांनी ध्यानात ठेवावं.

बाटलीत नेमकं काय आहे हा प्रश्न तर आणखी अवघड. २०१७ साली अमेरिकेत ऑनलाइन विकल्या जाणाऱ्या कॅनाबिडिऑलच्या ८४ उत्पादनांची तपासणी झाली. जेमतेम ३१ टक्के लेबलं खरी निघाली आणि १८ उत्पादनांत टीएचसी सापडला. आपल्याकडे २०२१ पासून भांगेचं बी, त्याचं तेल आणि पीठ खाद्यपदार्थ म्हणून विकायला परवानगी आहे. त्या बियांत मुळात कॅनाबिनॉल नसतो. म्हणजे झोपेसाठी बियांचं तेल घेणारा फक्त तेलाचे पैसे मोजतो. आणि गांजा जुना करून घरीच औषध करू, असा विचार कोणाच्या मनात डोकावत असेल तर स्पष्ट सांगतो: १९८५ च्या अमली पदार्थ कायद्याखाली लागवडीला दहा वर्षांपर्यंत सक्तमजुरी आणि एक लाख रुपयांपर्यंत दंड आहे. कपाशीत किंवा मक्यात लावलेल्या दोन-चार झाडांनाही तो लागू होतो.

सगळ्यात वजनदार आक्षेप असा की डॉक्टरांच्या झोपेच्या गोळ्यांची सवय लागते, मग हे काय वाईट? सवयीची भीती रास्त आहे. म्हणूनच जुनाट निद्रानाशावर पहिला उपाय गोळी नसून वर्तनोपचार आहे. अमेरिकन कॉलेज ऑफ फिजिशियन्सने २०१६ मध्ये प्रौढांसाठी हेच सांगितलं. त्यात उठण्याची वेळ रोज एकच ठेवायची, झोप आल्याशिवाय अंथरुणावर पडायचं नाही आणि बराच वेळ डोळा लागला नाही तर उठून बसायचं. ज्यांना रात्री पाणी द्यायला जावं लागतं त्यांनी ते आठवडे वेगळे मोजावेत. तो निद्रानाश नाही, ती हिरावलेली झोप आहे, आणि दुपारी तासभर आडवं होणं हा तिचा उपाय आहे. मोठ्याने घोरणाऱ्या, झोपेत श्वास अडकणाऱ्या माणसाने गुंगीचं काहीही घेण्याआधी तपासणी करून घ्यावी. मन उदास असेल, पहाटे तीनला जाग येऊन पुन्हा झोप लागत नसेल, तर छत्रपती संभाजीनगरच्या घाटी रुग्णालयात मनोविकारतज्ज्ञांना भेटा, किंवा टेलिमानसच्या १४४१६ या मोफत क्रमांकावर बोला. आणि अल्प्राझोलामसारखी गोळी आधीपासून चालू असेल, तर सीबीएनच्या भरवशावर ती एकदम बंद करू नका. अचानक सोडल्याने झटके येऊ शकतात. ती कमी करायची असते ती डॉक्टरांना विचारून, आठवड्यांच्या अंतराने, थोडी थोडी.